घरातले पाणी मऊ करा, पण जमीन चोपण करू नका





लावणीच्या नोंदी घ्यायला गट कार्यालयात बसले की सभासद बेण्याचे, खताचे, तोडीच्या तारखेचे विचारतात. त्याची आम्हांला सवय आहे. अलीकडे मात्र एक नवाच प्रश्न कानावर येतो. "साहेब, पाणी मऊ करायचं मशीन घेतलंय, पण गुण येईना. जरा बघता का?" सॉफ्टनर बघणे हे काही ऊसविकास अधिकाऱ्याचे काम नव्हे. पण बोलावले त्या घरी गेलो, मशीन बघितले, मशीनमागची मोरी बघितली आणि मोरीचे पाणी जिथे जाते ती जागाही बघितली. त्या जागेने हा लेख लिहायला लावला.

त्यातच काही सभासदांची मागणी आली आहे की, कारखान्याने सॉफ्टनर हप्त्याने द्यावेत आणि रक्कम उसाच्या बिलातून कापून घ्यावी. एक-दोघांनी तर पुढे जाऊन विचारले, "घरात एवढा फरक पडतो, तर मोठं मशीन घेऊन ठिबकलाच जोडलं तर?" माझे मत पहिल्यांदाच सांगून टाकतो. सांभाळता येत असेल तर घरासाठी सॉफ्टनर जरूर घ्यावा. शेतासाठी मुळीच घेऊ नये. आणि घरच्या मशीनचे मिठाचे पाणी जमिनीत सोडू नये. स्वतःच्या तर नाहीच, शेजाऱ्याच्या बांधाला तर नाहीच नाही.

जड पाण्याचा त्रास खोटा नाही. वरच्या गटांत ज्यांची घरे बोअरवर आहेत त्यांना तो सांगायला नको. साबणाला फेस नाही, डाळ शिजता शिजत नाही, नळाच्या तोंडाला पांढरी खपली, गिझरची कॉइल जळते, सोलर बंबात चुना बसून गरम पाणी यायचे बंद. आमच्या भगिनींचे केस आणि हात यांची तक्रार वेगळीच. या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असते एवढाच त्याचा दोष. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १०५००, सन २०१२) जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरे पाणीच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा.

सॉफ्टनरच्या नळकांड्यात राजगिऱ्याएवढे किंवा त्याहून बारीक मणी असतात. त्याला रेझीन म्हणतात. या मण्यांनी अंगावर सोडियम धरलेले असते. जड पाणी त्यातून गेले की मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम पाण्यात सोडतात. मणी भरले की मिठाचे दाट पाणी आत घेऊन त्यांना धुवायचे. मग उलटा व्यवहार होतो. कॅल्शियम सुटून मोरीत जातो, मणी पुन्हा सोडियम धरतात. आपल्या कारखान्यातही बॉयलरला जे वरून पाणी घालावे लागते ते असे शुद्ध केल्याशिवाय घालत नाहीत. बॉयलरच्या नळीला आतून चुना धरला तर नळी तापून फुटते.

आता मुद्द्याचे ऐका. ही अदलाबदल माणसाला प्रथम कळली ती यंत्रात नव्हे, मातीत. सन १८५० च्या सुमारास इंग्लंडमध्ये थॉम्पसन नावाच्या शेतीवाल्या जमीनदाराने आणि तिथल्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ वे यांनी मातीतून अमोनियम सल्फेटचे पाणी झिरपवून पाहिले. अमोनिया मातीने धरून ठेवला आणि खालून निघाला तो कॅल्शियम. मातीचा बारीक कण क्षार धरतो आणि त्याच्या बदली दुसरा सोडतो, हे त्यावरून कळले. पाणी मऊ करायची मशिनरी पुढे याच तत्त्वावर निघाली. म्हणजे बंधूंनो, आपली काळी जमीन हाच एक मोठा सॉफ्टनर आहे. मशीनमधल्या मण्यांना मीठ जे करते, तेच ते मातीच्या कणांना करते.

फरक एवढाच की मण्यांवर सोडियम बसला तर आपला फायदा, मातीवर बसला तर आपला नाश. कॅल्शियम धरलेले मातीचे कण एकमेकांना बिलगून राहतात, ढेकूळ भुसभुशीत असते, पाणी आणि हवा आत जाते. सोडियम धरलेले कण सुटे होतात, बारीक छिद्रे बुजवतात. वरून पाणी साचते, सुकल्यावर जमीन दगडासारखी होते, भेगा पडतात. हीच आपली चोपण जमीन. मातीच्या कणांवर शंभरात पंधरापेक्षा जास्त वाटा सोडियमचा झाला आणि सामू साडेआठच्या वर गेला की तिला चोपण म्हणायचे. मग आपण काय करतो? जिप्सम घालतो. जिप्सम म्हणजे कॅल्शियम. जो कॅल्शियम आपण घरात पैसे देऊन पाण्यातून काढतो, तोच शेतात पैसे देऊन मातीत घालतो!

म्हणून ठिबकला सॉफ्टनर जोडायचा विचार कोणी सांगितला तर त्याला हात जोडा. विक्रेत्याचे काम मशीन खपवणे आहे, जमीन त्याची नाही. जड पाण्यातला कॅल्शियम जमिनीच्या भल्याचा असतो. तो काढून त्याच्या जागी सोडियम घातला आणि पाण्यातले बायकार्बोनेट तसेच राहिले, की ते पाणी पिकाला चालणाऱ्या पाण्याचे न चालणारे पाणी होते. ठिबकच्या तोट्या चुन्याने बुजत असतील तर त्याला ॲसिड प्रक्रिया आहे. ती गट कार्यालयात येऊन नीट समजून घ्या. त्यासाठी मिठाची गरज नाही.

आता घरच्या मशीनचा हिशेब मांडू. समजा मशीनमध्ये २५ लिटर रेझीन आहे आणि बोअरच्या पाण्याचा जडपणा ५०० आहे. एक लिटर रेझीन साधारण ५० ग्रॅम जडपणा धरते. म्हणजे सव्वा किलो जडपणा, म्हणजे अडीच हजार लिटर पाणी झाले की मशीन धुवायला हवे. सहा माणसांच्या घरात अंघोळ, धुणे, भांडी मिळून रोज आठशे लिटर धरले तर तीन दिवसांनी पाळी येते. एका वेळी मीठ लागते चार किलोच्या आसपास. महिन्याला चाळीस किलो. वर्षाला जवळजवळ पन्नास किलोची दहा पोती. त्या चार किलोतले प्रत्यक्ष कामाला येते ते सुमारे दीड किलो. बाकीचे अडीच किलो जसेच्या तसे मोरीतून बाहेर. आणि कामाला आलेल्या दीड किलोतला सोडियम मऊ पाण्यातून तुमच्या न्हाणीत, तिथून पुन्हा मोरीतच. दहा पोती घरात आली, दहा पोती घराबाहेर गेली. एका किलो मिठातला सोडियम मातीवर बसला तर तो हलवायला हिशेबाने दीड किलो जिप्सम लागतो. काढलेला कॅल्शियम त्याच मोरीतून जातो हे खरे, पण मिठाची जी भर पडते ती भरच असते. आणि ऊस हे खाऱ्या जमिनीला सोसणारे पीक नव्हे, हे मी नव्याने सांगायला नको.

हे सगळे मला पुस्तकातून आधीच ठाऊक होते. तरी दिव्याखाली अंधार कसा असतो ते ऐका. तीन वर्षांपूर्वी मी स्वतःच्या घरी सॉफ्टनर बसवला. मिस्त्रीने विचारले, "साहेब, मशीनचं पाणी कुठं सोडू?" मी म्हटले, "वाया कशाला घालवायचं? मागं लिंबाला आणि शेवग्याला सोड." दुसऱ्या वर्षी लिंबाच्या पानांच्या कडा करपल्या, मग पाने गळाली. मी त्यावर जस्त फवारले, लोह फवारले. पाऊस पडला की तेवढ्याच जागेत पाणी तळ्यासारखे उभे राहायचे. एक दिवस घरातून ऐकावे लागले, "अहो, साऱ्या गावाच्या जमिनी सुधारता, जरा आपल्या मागच्या दारी बघा की!" मातीचा नमुना घेतला तर सामू ८.९. एखाद्या सभासदाच्या शेताचा असा अहवाल आला असता तर मी त्याला वाचताक्षणी निदान सांगितले असते. लिंबू गेले. शेवगा जिप्सम आणि मळीच्या खतावर तग धरून आहे. माझे नुकसान एका झाडावर भागले. पण एका सभासदाच्या मशीनचे पाणी पाटाने शेजाऱ्याच्या सरीत उतरत होते, बांधालगतच्या दोन सऱ्यांचा ऊस गुडघ्याच्या वर गेला नव्हता, आणि दोघे भाऊ-भाऊ असून बोलत नव्हते. एक म्हणे हुमणी लागली, दुसरा म्हणे तणनाशक मारले. दोन्ही नव्हते. मीठ होते.

म्हणून मशीन घेतले असेल तर ते नीट चालवा. बिघडलेले मशीन दुप्पट मीठ खाते आणि पाणी जडच देते. मला ज्या खोड्या आढळल्या त्या सांगतो. यातल्या निम्म्याहून जास्त तुम्ही स्वतः काढू शकता.

पहिली खोडी बायपासची. आमच्या गटातले एक वयस्क सभासद, सगळे त्यांना तात्या म्हणतात, मला म्हणाले, "सायेब, पोतंभर मीठ गिळलं आन् पाणी हाय तसंच. ही मशीन हाय का म्हस?" जाऊन बघितले तर टाकी धुताना उघडलेला बायपासचा कॉक तसाच उघडा. मशीन मीठ खात होते आणि पाणी मशीनच्या बाजूने घरात येत होते. तक्रार करण्याआधी तो कॉक बघा.

दुसरी खोडी पारखण्याची. विक्रेता टीडीएसचे मीटर बुडवून दाखवतो. त्या मीटरवर पाणी मऊ झाले की नाही हे कळतच नाही. सॉफ्टनर क्षार कमी करत नाही, फक्त बदलतो. आकडा आधी जेवढा तेवढाच नंतर. त्यामुळे काही जण चांगले मशीन बिघडले समजतात, आणि काहींना बिघडलेले चांगले म्हणून गळ्यात बांधले जाते. खरी पारख जडपणाच्या थेंबांच्या किटने होते. लालसर पाणी निळे होईपर्यंत थेंब मोजायचे. किट नसेल तर बाटलीत पाणी घेऊन त्यात साध्या साबणाचा चुरा टाका आणि हलवा. मऊ पाण्याला फेस येतो, जड पाणी दुधट होऊन वर साय धरते. डिटर्जंट पावडर घेऊ नका, तिला जड पाण्यातही फेस येतो.

तिसरी खोडी मिठाच्या टाकीतली. पावसाळी हवेत मिठाचा वर टणक थर धरतो आणि खाली पोकळी राहते. वरून बघावे तर टाकी भरलेली, खाली पाण्याला मीठच नाही. लाकडी दांड्याने हलकेच ठोकून थर फोडा, पहार घालू नका, टाकी फुटेल. बारीक मिठाचा लगदा होतो म्हणून खडे मीठ किंवा वड्या वापरा. खडे मिठात माती असते, ती तळाला बसते. वर्षातून दोनदा टाकी रिकामी करून धुवा.

चौथी खोडी, मशीन मीठ ओढतच नाही. टाकीत पाण्याच्या पातळीला खडूने खूण करा आणि धुण्याचा फेरा चालू करा. पातळी उतरली नाही तर आतला इंजेक्टर किंवा त्याची जाळी मातीने बुजली आहे, नाहीतर सांडपाण्याची नळी दुमडली आहे. इंजेक्टर काढून स्वच्छ पाण्याने आणि बारीक काडीने साफ करा. तार घालू नका, छिद्र मोठे होते.

पाचवी खोडी दाबाची. बहुतेक ऑटोमॅटिक मशीनना दीड ते दोन किलो दाब लागतो. दहा मीटर उंचीला एक किलो दाब मिळतो. आपली टाकी एकमजली स्लॅबवर, म्हणजे पाव-अर्धा किलोसुद्धा कसाबसा. अशा ठिकाणी मशीन कधीच नीट धुतले जात नाही. एक तर छोटा प्रेशर पंप लावा, नाहीतर हाताने चालवायचे साधे मशीन घ्या. आमच्या भागाला साधेच बरे. वीज गेली की ऑटोमॅटिकचे घड्याळ चुकते. मग रात्री दोनचे धुणे सकाळी सातला होते आणि ऐन अंघोळीला पाण्याचा दाब जातो, नाहीतर न धुतलेले जड पाणी येते.

उरलेल्या दोन-तीन गोष्टी थोडक्यात. बोअरला रेती किंवा तांबडे पाणी असेल तर सॉफ्टनरच्या आधी रेतीचा आणि लोहाचा फिल्टर हवाच, नाहीतर लोह मण्यांवर बसून ते निकामी होतात. नळातून पिवळसर मणी येऊ लागले तर आतली जाळी फुटली आहे, मशीन बंद करून मिस्त्रीला बोलवा. एकाच बोअरचे पाणी पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात सारखे नसते, म्हणून दोन्ही हंगामांत तपासून मशीनचा आकडा त्याप्रमाणे लावा. दिवसांवर चालणाऱ्या मशीनपेक्षा वापरलेल्या लिटरवर चालणारे मशीन घ्या, म्हणजे घर बंद असताना मीठ वाया जात नाही. आणि सॉफ्टनर म्हणजे पाणी शुद्ध करायचे यंत्र नव्हे. त्याने जंतू मरत नाहीत आणि विहिरीत उतरलेला नायट्रेटही जात नाही. ५०० जडपणाचे पाणी मऊ केले की लिटरला सुमारे २३० मिलिग्रॅम सोडियम त्यात जास्तीचा येतो, म्हणून पिण्याचा नळ वेगळा ठेवा. रक्तदाबाच्या माणसाने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते पाणी पिऊ नये. जनावरांच्या हौदाला आणि झाडांना मूळ पाणीच द्या.

राहिला प्रश्न, मिठाचे पाणी सोडायचे कुठे? याला सोपा उपाय नाही, हे कबूल केले पाहिजे. शोषखड्डा केला तर पाणी डोळ्यांआड जाते, पण मीठ विहिरीकडे चालू लागते. ओढ्याला सोडले तर खालच्या गावाच्या डोक्यावर. माझा सल्ला असा की आधी मीठच कमी करा. न्हाणी, धुण्याचे मशीन आणि बंब एवढ्यालाच मऊ पाणी जोडा, संडास आणि अंगण वगळा. वापर निम्मा झाला की मीठ निम्मे. उरलेल्यासाठी दहा बाय पंधरा फुटांचे, फूटभर खोल, जाड प्लास्टिकचे अस्तर घातलेले टाके करा आणि धुण्याचे पाणी त्यात वाळू द्या. पावसात त्यावर पत्रा टाकावा लागेल. मी घरी असेच टाके केले आहे. उन्हाळ्यात तळाला जो पांढरा थर दिसतो, तो बघून माझ्या पोटात अजून गोळा येतो. हे सगळे दोन वर्षे लिंबाच्या मुळाशी गेले होते.

आणखी एक मऊ पाणी फुकटचे आहे, पावसाचे. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवर ५०० मिलिमीटर पाऊस पडला तर सेहेचाळीस हजार लिटर पाणी पडते. गळती, बाष्पीभवन धरून पस्तीस हजार तरी हाती लागावे. साठवण करायची ऐपत ज्याची आहे त्याने बंबापुरती तरी ती करावी. त्याला मीठ लागत नाही.

संचालक मंडळाला माझी नम्र सूचना अशी. सॉफ्टनर हप्त्याने द्यायचे ठरलेच तर तीन अटी घालाव्यात. पाण्याचा नमुना आपल्या प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय मशीन देऊ नये, कारण ज्यांचे पाणी २०० च्या आत आहे त्यांना त्याची गरजच नाही. विक्रेत्याने रेझीन किती लिटर आणि एका धुण्याला मीठ किती, हे लेखी द्यावे. आणि मिठाच्या पाण्याची सोय गट अधिकाऱ्याने डोळ्यांनी बघितल्याशिवाय उसाच्या बिलातून एक रुपयाही कापू नये. शेतात जोडायच्या मशीनला तर कोणत्याही अटीवर कर्ज देऊ नये. या अटींमुळे काही सभासद नाराज होतील, याची मला कल्पना आहे. पण खाली नदीकाठाला क्षारपड झालेल्या जमिनींत निचऱ्याचे पाईप गाडायला एकरी किती खर्च आला, हे ज्यांनी सोसले त्यांना विचारा. पाण्याच्या अतिरेकाने एकदा जमीन गमावली, आता पोत्याने मीठ आणून पुन्हा गमावायची का?

घरातल्या माणसांना सुख मिळावे, बायकांचे हाल कमी व्हावेत, याला कोणाचाच विरोध नाही. पण ज्या जमिनीच्या उसावर ते घर उभे राहिले, तिचा हिशेब त्या सुखात धरलाच पाहिजे. मोरीचे पाणी कुठे जाते ते आज संध्याकाळी घरामागे जाऊन एकदा बघा. शंका वाटली तर तिथली मूठभर माती आणि बाटलीभर पाणी घेऊन गट कार्यालयात या. आम्ही आहोतच.



आपला,
ऊसविकास अधिकारी, शेती खाते